जुना घरघरणारा पंखा: दुरुस्त करायचा की सरळ बदलायचा?

जेलरोडची लेक
आईच्या खोलीतल्या पंख्यावरून आमच्या घरी आठवडाभर वाद चाललाय, म्हणून इथे मांडते. आई ७८ वर्षांची आहे. झोप आधीच सावध, त्यात दिवाळीपासून पंखा आवाज करायला लागला. एक बारीक घूंऽऽ असा आवाज सारखा येतो, आणि त्याच्या जोडीला मधूनमधून कट्... कट्. पंखा १९ वर्षांचा आहे, मोटरीतलं वाइंडिंग (तारेची गुंडाळी) तांब्याचं, वारा अजूनही भरपूर देतो. वायरमनला बोलावलं. त्यानं वर न चढताच सांगितलं, "कंडेन्सर गेला." अडीच मायक्रोफॅरडचा नवा कंडेन्सर टाकला, पैसे घेतले आणि गेला. पंखा थोडा जोरात फिरायला लागला, आवाज मात्र होता तसाच राहिला.

धाकटा भाऊ म्हणतो, भंगारात द्या आणि बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणारा सर्किटवाला पंखा, आणा. माझं मत वेगळं आहे. आवाज नक्की कुठून येतो हे कळल्याशिवाय चालता पंखा टाकून देणं मला पटत नाही. आणि एक गोष्ट माझ्या लक्षात आलीय. दुपारी पंखा ५ वर असतो तेव्हा घूंऽऽ ऐकूच येत नाही. रात्री २ वर केला की सुरू. आपल्या नाशिकला एप्रिल-मेमध्येही मध्यरात्रीनंतर हवा गार पडते, पंखा कमी करावाच लागतो. म्हणजे दिवसभर गप्प असणारा पंखा नेमका झोपेच्या वेळी बोलतो. हे मोटरचं दुखणं आहे की आणखी कशाचं?

कॉलेजरोड
ताई, मी तुमच्या भावाच्या बाजूचा. जुना पंखा पूर्ण वेगाला साधारण ७५ वॅट खातो, बीएलडीसी ३० च्या आसपास. ४५ वॅटचा फरक. रोज १० तास आणि वर्षातले ८ महिने धरले तर १०८ युनिट होतात. आमच्या घरात असे पाच पंखे होते, ते टप्प्याटप्प्याने बदलले. आवाज गेला तो गेलाच, बिलातही फरक दिसला. जानेवारी २०२३ पासून छताच्या पंख्यांवर स्टार लेबल सक्तीचं झालंय, त्यामुळे दुकानात उभं राहून दोन पंख्यांची तुलना करता येते. १९ वर्षांच्या पंख्यावर आज कंडेन्सर, उद्या बेअरिंग, परवा वाइंडिंग असा खर्च करत राहण्यात काय अर्थ आहे?

जेलरोडची लेक
तुमचा हिशोब ५ नंबरचा आहे. आई २ वर लावते, तिथे जुना पंखाही ७५ वॅट घेत नाही. पाच पंख्यांच्या घराला तुमचं म्हणणं लागू पडेल, एका खोलीला तितकं नाही.

सातपूरचा फिटर
मी २६ वर्षं मोटरींवर काम केलंय, म्हणून बोलतो. आधी एक गोष्ट करा, फुकटची आहे. खोलीतला टीव्ही वगैरे बंद करा, पंखा २ वर चालू द्या आणि खाली उभं राहून भिंतीवरचं बटण बंद करा. पंखा काही वेळ आपल्या वेगानं फिरत राहील. बटण बंद केल्याक्षणी जो आवाज गेला, तो विजेचा. पंखा फिरतोय तोवर जो राहिला आणि वेगाबरोबर मंदावत गेला, तो यांत्रिक. दहा सेकंदांत निम्मं निदान होतं. ज्यानं हे न करता कंडेन्सर बदलला त्यानं तुमचे पैसे घालवले. कंडेन्सर कमजोर झाला की पंखा हळू फिरतो किंवा ढकलल्याशिवाय सुरू होत नाही. कट्-कट् त्यानं होत नाही.

भिंतीवर गोल फिरणारा, मध्ये न थांबता कुठेही ठेवता येणारा रेग्युलेटर आहे का? की टप्प्याटप्प्यानं खट-खट फिरणारा?

जेलरोडची लेक
आत्ता करून पाहिलं. घूंऽऽ बटण बंद करताच गेला, अगदी झटक्यात. कट्-कट् मात्र पंखा थांबेपर्यंत ऐकू येत होतं, हळूहळू लांबत गेलं. रेग्युलेटर गोल फिरणारा आहे, मध्ये टप्पे नाहीत.

सातपूरचा फिटर
मग दुखणी दोन आहेत. घूंऽऽ त्या रेग्युलेटरमुळे. तो डिमरच्या जातीचा आहे. आपली वीज ५० हर्ट्झची. हा डिमर तिच्या प्रत्येक अर्ध्या लाटेचा तुकडा कापतो, सेकंदाला १०० वेळा. अशी तुटक वीज मोटरला मिळाली की आतले पत्रे आणि वाइंडिंग थरथरतात, तो थरथराट तुम्हाला घूंऽऽ ऐकू येतो. ५ वर लाट जवळजवळ पूर्ण जाते म्हणून दुपारी आवाज नाही. आतमध्ये कंडेन्सर असलेला टप्प्यांचा रेग्युलेटर लावा. तो लाट कापत नाही. मोटर उघडायचीही गरज नाही.

कट्-कट् हे पात्याच्या स्क्रूचं असेल, नाहीतर दांडीवरचा कप, म्हणजे वाटीसारखं झाकण, खाली सरकून फिरणाऱ्या भागाला घासत असेल. ते वर चढून बघावं लागेल.

कॉलेजरोड
काका, माहिती उत्तम आहे, पण तुम्ही माझ्याच मुद्द्याला बळ देताय. बीएलडीसीत हा डिमरचा प्रश्नच उरत नाही. वेग आतल्या सर्किटनं ठरतो, २ वर तर तो पंखा चालू आहे हे वर बघून कळतं.

सातपूरचा फिटर
गुणगुण नसते हे खरं. पण बेअरिंग त्यालाही असतात, पाती त्यालाही असतात, आणि छताचा हुक तोच. कट्-कट् नव्या पंख्यातही येऊ शकते. दुसरं, बीएलडीसी लावताना भिंतीवरचा जुना रेग्युलेटर लाइनमधून काढावा लागतो. पुष्कळ जण काढत नाहीत आणि मग सर्किट जळालं म्हणून ओरडतात. जुन्या मोटरीचं वाइंडिंग जळलं तर गल्लीतला माणूस भरून देतो. सर्किट गेलं तर ते त्याच कंपनीचं लागतं, आणि चार-पाच वर्षांनी ते मॉडेल बंद झालेलं असतं.

जुन्या नाशकातला वाडा
आमचा अनुभव वेगळा आहे, आणि मला वाटतं इथे मोजून बघण्याचा विचार कमी होतोय. आमचं माळवद लाकडी. पंखा तुळईला टांगलेला, छत उंच म्हणून दांडी लांब. त्या पंख्याचा आवाज आम्ही दहा वर्षं सोसला. दोन वेळा बेअरिंग बदलली, एकदा वाइंडिंग. शेवटी एका म्हाताऱ्या मिस्त्रीनं टेप घेतला, एका जागी धरला आणि पंखा हातानं फिरवत तिन्ही पात्यांची टोकं छतापासून किती अंतरावर येतात ते मोजलं. एक पातं जवळजवळ बोटभर खाली होतं. कधीतरी आम्ही पाती पुसताना ते वाकवलं होतं. त्यानं ते जोडाजवळ हळू वर घेतलं. तरी थोडा हेलकावा उरला, तेव्हा एका पात्याच्या वरच्या बाजूला रुपयाचं नाणं चिकटपट्टीनं लावून पाहिलं. तिसऱ्या पात्यावर लावल्यावर पंखा स्थिर झाला. ते नाणं अजून तिथेच आहे.

त्यामुळे दुरुस्ती की बदली, हा प्रश्न नंतरचा. नवा पंखा त्याच हुकाला लावला असता तरी मूळ खोट तशीच राहिली असती, असं मला तेव्हा वाटायचं. आता कळतं की खोट पात्यात होती, छतात नव्हती. पण मोजल्याशिवाय हे कळणार कसं?

द्वारकेजवळ
मी थोडं उलटं बोलणार आहे. आमचं घर हायवेला लागून. रात्रभर ट्रक. पंख्याचा आवाज नसेल तर माझ्या बाळाला झोप लागत नाही, मलाही नाही. हिवाळ्यातसुद्धा टेबलफॅन भिंतीकडे वारा जाईल असा चालू ठेवतो. प्रत्येक आवाज म्हणजे बिघाड, असं धरून पैसे घालवू नका. आईंना विचारलंत का, त्यांना नक्की कशाचा त्रास होतो?

जेलरोडची लेक
विचारलं. वाऱ्याच्या आवाजाचं तिला काही नाही, उलट आवडतो. घूंऽऽ सुद्धा ती म्हणते चालेल. कट्-कट् नको. "आता होईल, आता होईल असं वाटत राहतं आणि मी जागी राहते," असं म्हणाली. मी घूंऽऽ घेऊन बसले होते आणि तिला त्रास होता तो दुसऱ्याच आवाजाचा.

इंदिरानगर, तिसरा मजला
कोणीच न बोललेली गोष्ट मला सांगायची आहे, आणि ती मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. हा पंखा ७८ वर्षांच्या बाईच्या पलंगावर टांगलेला आहे. आमच्याकडे वरच्या मजल्यावरच्या पंख्याची घरघर स्लॅबमधून आमच्या खोलीत यायची. त्यांना विनंती करून उघडून घेतलं, तर हुकात अडकवायची रबराची रीळ झिजून तिचे तुकडे झाले होते. लोखंड थेट लोखंडावर घासत होतं. बोल्ट निम्मा खाल्ला होता आणि त्यातली पिन जागेवर नव्हती. आणखी वर्षभर तो पंखा टिकला असता का, माझी खात्री नाही. म्हणून माझं मत स्पष्ट आहे. १९ वर्षांत हुक झाकणारा वरचा कप एकदाही खाली घेऊन पाहिला नसेल, तर वॅट आणि युनिटचे हिशोब बाजूला ठेवा आणि आज रात्री आईंचा पलंग सरकवा.

जेलरोडची लेक
पलंग सरकवला. हे डोक्यातच आलं नव्हतं, मनापासून आभार.

कॉलेजरोड
हुकाचा मुद्दा मला पूर्ण मान्य, नवा पंखा घेणाऱ्यानंही तो तपासायलाच हवा. माझं मत मात्र बदललेलं नाही.

जेलरोडची लेक
रविवारचं सांगते. टप्प्यांचा रेग्युलेटर लावला. २ वर घूंऽऽ गेला, भावालाही मान्य करावं लागलं. वर चढून भावानंच कप खाली घेतला. रीळ कडक होऊन तडकली होती, पिन शाबूत होती. रीळ नवी टाकली. पात्यांचे स्क्रू आवळले, त्यातला एक हातानं फिरत होता. कट्-कट् कमी झालं पण पूर्ण गेलेलं नाही. आणि आता शांततेत पंखा हातानं फिरवला की आतून बारीक खरखर ऐकू येते, जी आधी कळत नव्हती. भाऊ म्हणतो, बघ, बेअरिंग गेली, आता तरी बदल. काका, वरून तेल सोडलं तर चालेल का?

सातपूरचा फिटर
तेल अजिबात नको. आतली बेअरिंग दोन्ही बाजूंनी झाकलेली असतात. तेल त्यांच्या आत जात नाही, वाइंडिंगवर उतरतं आणि धूळ धरून बसतं. खरखर असेल तर दोन्ही बेअरिंग एकदम बदलायची, एक नाही. बहुतेक पंख्यांत ६२०१ आणि ६२०२ नंबरची असतात, पण जुनी काढून नंबर वाचल्याशिवाय घेऊ नका. आणि बसवणारा हातोड्यानं ठोकत असेल तर त्याच्याकडून पंखा परत घ्या. ठोकलेलं नवं बेअरिंग महिन्याभरात पुन्हा बोलायला लागतं.

वाइंडिंग तांब्याचं आणि शाबूत आहे, तेव्हा मी तरी हा पंखा टाकणार नाही. मोटर उतरवण्याआधी खडूनं पात्यांवर १, २, ३ लिहा आणि मोटरवर त्या-त्या जागी तेच आकडे घाला. पाती अदलाबदल झाली तर पंखा हेलकावे खायला लागेल आणि तुम्ही पुन्हा इथेच विचारायला याल.