पोकरमधला स्लोप्ले: मोठा हात लपवून खरंच जास्त मिळतं का?

तिसरी_बेट:
"सेट लागला की फ्लॉपला चेकच करायचं, बेट मारली की गिऱ्हाईक पळतं." हा सल्ला काल पुन्हा वाचला आणि राहवलं नाही. नवे लोक हेच वाचून तसं खेळतात, म्हणून हिशोब मांडतो. नव्यांसाठी: फ्लॉप म्हणजे टेबलावर उघडणारे पहिले तीन सामायिक पत्ते, मग चौथा टर्न, पाचवा रिव्हर. सेट म्हणजे हातातल्या जोडीला टेबलावर तिसरा तसाच पत्ता. चेक म्हणजे बेट न मारता पुढे जाणं, कॉल म्हणजे बेटएवढे पैसे घालणं, रेझ म्हणजे बेट वाढवणं.

पॉट (मधे जमलेले पैसे) १००. तिन्ही स्ट्रीटला, म्हणजे फ्लॉप, टर्न आणि रिव्हरला, पॉटच्या दोन-तृतीयांश बेट आणि कॉल: ६७, १५५, ३६३. एकूण ५८५. फ्लॉप चेक-चेक गेला, तर त्याच मापाने उरतात ६७ आणि १५५, म्हणजे २२२. सोडलेल्या स्ट्रीटची खरी किंमत ६७ नव्हे, ३६३ आहे.

आता फोल्डची, म्हणजे पत्ते टाकून दिले जाण्याची भीती. दहापैकी सहा वेळा समोरचा फोल्ड करतो असं धरा. उरलेल्या चारांत एक शेवटपर्यंत येतो, तिघे टर्नपर्यंत. मिळाले १२५१. चेक केलं आणि त्याच चौघांनी पुढच्या दोन्ही बेट कॉल केल्या, तरी ८८८. फरक ३६३. तो त्या सहांकडून काढायचा, म्हणजे प्रत्येकाने साठेक द्यायचे. ज्याच्या हातात काहीच लागलेलं नाही, तो दर वेळी का देईल?

शांत_बटन:
तुमचे ते चौघे आणले कुठून? फ्लॉप राजा-सत्ती-दुर्री, तिन्ही रंग वेगळे, माझ्याकडे दोन राजे. गड्डीत राजा उरला एकच. समोरच्याकडे एक्का-राजाची चार कॉम्बिनेशन होऊ शकतात, राजा-राणीची चार. माझ्याकडे दोन सत्त्या असत्या तर प्रत्येकी बारा. म्हणजे टॉप सेट (फ्लॉपवरच्या सर्वांत मोठ्या पत्त्याचा सेट) असताना कॉल करणारी माणसं मीच माझ्या हातात धरून बसलोय. अशा वेळी बेट मारून काय मिळवायचं?

आणि १९८८च्या वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरचा शेवटचा हात आठवा. जॉनी चॅनकडे गुलाम-नव्वी, फ्लॉप राणी-दश्शी-अठ्ठी, स्ट्रेट (सलग पाच पत्ते) तयार. एरिक सायडेलकडे राणीची पेअर. रिव्हरला चॅनने चेक केलं आणि सायडेलने सगळे चिप्स पुढे सारले.

तिसरी_बेट:
चॅनचा दाखला प्रत्येक वेळी येतो. तो हेड्स-अप (दोघांतलाच) हात होता, चॅनकडे नट्स (त्या पत्त्यांवर होऊ शकणारा सर्वांत मोठा हात) होते आणि समोरचा स्वतःहून बेट मारणारा होता. तुमच्या टेबलावरचे निम्मे लोक फक्त कॉल करतात. त्यांना चेक दिलं की तेही चेक करतात आणि स्ट्रीट वाया जाते.

रिव्हरग्रस्त:
माझा अनुभव ऐका. परवा एक्के आले, लपवायचे म्हणून लिंप केलं, म्हणजे रेझ न करता नुसता बिग ब्लाइंडएवढा (पत्ते वाटण्याआधीच एकाने सक्तीने घालायचे पैसे) कॉल. मागून तिघे लिंप, बिग ब्लाइंड फुकटात आत. फ्लॉप नव्वी-चव्वी-दुर्री. मी बेट, बिग ब्लाइंडची रेझ, मी ऑल-इन. त्याच्याकडे नव्वी-चव्वी, तीही दोन रंगांची! तो हात मी साधी रेझ केली असती तर फ्लॉप बघणारच नव्हता. एक्के लिंप करायला शिकवणाऱ्यांवर माझा खरंच राग आहे.

उलट_रेझ:
यात लिंपचा काय दोष? टेबल आक्रमक असेल तर मागून कोणीतरी रेझ करतो, मग आपण री-रेझ करतो. ते झालं नाही तर फ्लॉपनंतर एक पेअर सोडता आली पाहिजे. तुम्हाला ती सोडवली नाही.

शिवाय गणित बघा. एक्के एका अनोळखी हातासमोर ८५ टक्के जिंकतात, चौघांसमोर ५६ टक्के. पण पाच जणांच्या पॉटचे ५६ टक्के हे दोघांच्या पॉटच्या ८५ टक्क्यांपेक्षा कितीतरी जास्त असतात.

रिव्हरग्रस्त:
सोडायला सांगणं सोपं आहे. माझा अख्खा स्टॅक गेला आणि तू मला टक्केवारी शिकवतोस?

तिसरी_बेट:
उलट_रेझ, तो हिशोब सगळे पाची पत्ते उघडेपर्यंत कोणी बेट मारणार नाही, असं धरून आहे. पाच जणांत रेझ आली की ५६ टक्के कागदावरच राहतात, कारण कुणाची दोन पेअर आणि कुणाचा ब्लफ हे कळत नाही. आत्ताच तुम्ही त्यांना पेअर सोडायला सांगितलंत. मग ५६ टक्के मिळाले कुठे? आणि पाच जणांनी एकेक ब्लाइंड घालण्यापेक्षा एकाने दहा घातले तर पॉट तुमच्यासाठीच मोठा होतो.

उलट_रेझ:
लिंपच्या पॉटबद्दल ठीक, इतकं मानतो. पण लिंप-रेझ मी सोडणार नाही. माझ्या डावीकडे बसणारा एक जण कुणाचाही लिंप दिसला की रेझ करतोच. त्याच्यासमोर आधी रेझ करणं म्हणजे त्याला सावध करणं.

शांत_बटन:
मूळ मुद्द्यावर या. कोरड्या बोर्डावर (टेबलावरच्या पत्त्यांत स्ट्रेट-फ्लशची फारशी शक्यता नसताना) टॉप सेट, याचं उत्तर अजून आलेलं नाही.

तिसरी_बेट:
तेवढ्यापुरतं देतो. राजा-सत्ती-दुर्री, तीन रंग, हातात दोन राजे, समोर एकच खेळाडू: चेक चालेल. तिथेही मी पॉटची पाव बेट मारेन, म्हणजे दोन दश्श्यावालेही कॉल करतील. पण त्याच फ्लॉपवर दोन बदाम असतील तर चेक नाहीच. फ्लश ड्रॉला (एका रंगाचे पाच पत्ते व्हायला एकच कमी असलेल्या हाताला) पुढचा पत्ता १९ टक्के लागतो. तो फुकट द्यायचा आणि त्याच्या न लागलेल्या ड्रॉकडून रिव्हरला एक पैसाही मिळायचा नाही. ड्रॉवाला पैसे देतो ते फ्लॉप आणि टर्नलाच.

शांत_बटन:
दोन बदामांचं मान्य, मी तिथे चेक करतच नाही. पाव बेटचं मात्र पटत नाही. दोन दश्श्यावाले टर्नलाही कॉल करतातच, आणि मधल्या काळात एक्का-राणीवाल्याला एक्का किंवा राणी लागू शकते. ती लागली की माझे पैसे तिथून येतात.

रिव्हरग्रस्त:
आणि एक्के?

तिसरी_बेट:
रेझ करा. दर वेळी.