मदत हवी आहे: मालक म्हणतात उमेदवाराला देणगी द्या, पैसे कंपनी परत करेल

डिस्पॅच_डेस्क:
तातडीने सल्ला हवा आहे, शुक्रवारपर्यंतच वेळ आहे. मी कॅनडात नोकरी करतो. आमच्या मालकांनी ऑफिसातल्या सगळ्यांना एकेक चिठ्ठी दिली. त्यावर एका उमेदवाराच्या देणगीच्या पानाचा क्यूआर कोड आणि खाली पेनाने लिहिलेला आकडा. माझ्या चिठ्ठीवर १,००० डॉलर, मॅनेजर लोकांच्या १,५००. स्वतःच्या कार्डाने भरा, पुढच्या पगारात मायलेज, म्हणजे गाडीखर्चाची भरपाई म्हणून परत मिळतील, असं तोंडी सांगितलं. मी डिस्पॅचला बसतो, माझ्याकडे गाडीच नाही, मायलेज कसलं? मला नाही म्हणायचंय, पण नोकरी जायला नको. काय बोलू? नुसतं 'वकील गाठा' लिहू नका.

टोरांटोची_माई:
निवडणूक कोणती, फेडरल म्हणजे देशाची की ऑन्टारिओ प्रांताची? तुम्ही सिटिझन, पीआर (कायमचे रहिवासी) की आणखी काही? आणि अजून भरले तर नाहीत ना? हे कळल्याशिवाय काही सांगता येणार नाही.

हिशेबी:
फेडरल असेल तर टॅक्स क्रेडिट बघा. पहिल्या ४०० वर ७५ टक्के, पुढच्या ३५० वर ५०, उरलेल्यावर एक तृतीयांश. १,००० वर ५५८ डॉलर ३३ सेंट सुटतात. पावती जपून ठेवा.

टोरांटोची_माई:
अहो हिशेबी, ते पैसे त्यांचे नाहीतच! कंपनीकडून भरपाई घ्यायची आणि वर करातही सूट घ्यायची? हा सल्ला त्यांना आणखी खड्ड्यात घालेल.

मॉन्ट्रियलकर_६८:
नोकरी सोडा. खरंच सांगतो. मी इथल्या इंजिनिअरिंग क्षेत्रात बावीस वर्षं काढली. याला फ्रेंचमध्ये 'प्रेट-नों' म्हणतात, म्हणजे नाव उसनं देणारा. आमच्या क्वेबेक प्रांताने कंपन्यांच्या देणग्या १९७७ मध्येच बंद केल्या, तरी पैसा थांबला नाही, कर्मचाऱ्यांच्या नावाने जात राहिला. बांधकाम क्षेत्रातल्या भ्रष्टाचाराची चौकशी करणाऱ्या शार्बोनो आयोगासमोर ते सगळं बाहेर आलं. आता प्रांतात माणशी मर्यादा १०० डॉलर आहे. फेडरलला एसएनसी-लॅव्हलिन या इंजिनिअरिंग कंपनीचं बघा. २००४ ते २०११ या काळात कर्मचाऱ्यांकडून देणग्या द्यायला लावल्या आणि बोनस किंवा खोटे खर्च दाखवून भरपाई केली. सुमारे १ लाख १८ हजार डॉलर, त्यातले जवळजवळ सगळे लिबरल पक्षाकडे. तुमचं मायलेज तेच आहे.

रोजची_भाकरी:
आणि शिक्षा काय झाली तेही लिहा की. कंपनीने २०१६ मध्ये करार करून विषय मिटवला. एका माजी अधिकाऱ्याने २०१८ मध्ये गुन्हा कबूल केला, दंड २,००० डॉलर. मोठ्यांना सगळं परवडतं. ब्रेडच्या किमती संगनमताने वाढवल्याचं लॉब्लॉ या किराणा दुकानांच्या कंपनीने २०१७ मध्ये मान्य केलं, आपल्या हातात काय आलं, २५ डॉलरचं कार्ड! माझी आई इथे आली की ब्रेडच्या पाकिटावरची किंमत रुपयांत करून बघते आणि पाकीट परत ठेवते. देशातल्या संपत्तीचा सुमारे दोन तृतीयांश भाग वरच्या वीस टक्के कुटुंबांकडे आहे. कायदे कोणासाठी होणार?

मॉन्ट्रियलकर_६८:
दंड कमी होता हे मान्य. पण कायदाच नाही असं समजू नका. २००७ पासून फेडरलला कंपनी किंवा युनियनकडून एक डॉलरही घेता येत नाही.

रोजची_भाकरी:
म्हणून तर चिठ्ठ्या वाटाव्या लागतात. सस्काचवानात अजून कंपन्या प्रांतिक पक्षांना थेट देतात. शिवाय लॉबी वेगळी.

पुणे_ते_पील:
आपल्याकडे इलेक्टोरल बाँड होते, सुप्रीम कोर्टाने १५ फेब्रुवारी २०२४ ला रद्द केले. इथे निदान २०० डॉलरच्या वर देणाऱ्याचं नाव जाहीर होतं.

टोरांटोची_माई:
नाव जाहीर होतं ते डिस्पॅचला बसणाऱ्याचं, मालकाचं नाही. हेच तर दुखणं आहे! पण धागा भरकटतोय. धागाकर्ते, उत्तरं द्या ना.

डिस्पॅच_डेस्क:
शिफ्ट होती, उशीर झाला. फेडरल आहे. भरलेले नाहीत. मी वर्क परमिटवर आहे, क्लोज्ड, म्हणजे याच कंपनीत काम करता येतं. पीआरची फाइल लागली आहे, त्यातही यांचंच पत्र आहे. म्हणून तर घाबरलोय.

टोरांटोची_माई:
अहो, हे पहिल्याच ओळीत लिहायचं होतंत! फेडरलला फक्त नागरिक आणि पीआर देणगी देऊ शकतात. तुम्हाला स्वतःच्या पैशानेही देता येत नाही. फॉर्मच्या तळाशी बघा.

डिस्पॅच_डेस्क:
पाहिलं. दोन चौकटी आहेत. नागरिक किंवा पीआर आहे, आणि पैसे माझे स्वतःचे आहेत. दोन्ही खोट्या ठरल्या असत्या.

टोरांटोची_माई:
मग मालकांशी वाद घालू नका. एवढंच म्हणा, "सर, मी पीआर नाही, त्यामुळे कायद्याने मला देता येत नाही. भरलं तर उमेदवारच अडचणीत येईल." तत्त्वाचं काही बोलू नका, फाइल मार्गी लागेपर्यंत तरी.

मॉन्ट्रियलकर_६८:
हे चुकीचं आहे. त्यांनी कमिशनर ऑफ कॅनडा इलेक्शन्सकडे (निवडणूक कायदा मोडल्याचा तपास तेच करतात) तक्रार करायला हवी, ऑनलाइन फॉर्म आहे. आज गप्प बसले की पुढच्या वेळी चिठ्ठी दुसऱ्या कोणाच्या हातात.

टोरांटोची_माई:
तुमचं घर झालंय, पासपोर्ट झालाय. त्यांच्या परमिटवर मालकाचं नाव आहे. तक्रार करावीच, पण कधी ते त्यांना ठरवू द्या. तोवर चिठ्ठीचा फोटो काढून ठेवा.

डिस्पॅच_डेस्क:
बोललो. मालक काही क्षण बघत राहिले, मग 'बरं' म्हणाले आणि चिठ्ठी परत मागून घेतली. फोटो आधीच काढला होता. पण अकाउंट्समधल्या ताईंनी मंगळवारीच भरलेत. त्या पीआर आहेत, दोन मुलं आहेत. त्या मला विचारतायत आता काय.

टोरांटोची_माई:
मायलेज हातात पडलंय का त्यांच्या?

डिस्पॅच_डेस्क:
नाही, पगार पुढच्या शुक्रवारी.

टोरांटोची_माई:
मग क्लेम भरू नका म्हणावं त्यांना, आणि आपोआप जमा झालाच तर लगेच लेखी परत करा. उमेदवाराच्या ऑफिशियल एजंटला, म्हणजे देणग्यांचा हिशेब बघणाऱ्याला, आजच ईमेल करून पैसे परत मागा, कारण स्पष्ट लिहा. अपात्र देणगी आहे हे कळल्यापासून ३० दिवसांत त्यांना ती परत करावी लागते. ईमेल ऑफिसच्या कॉम्प्युटरवरून पाठवू नका. आज रात्री घरून.