सोवेटो बसमधून नको, पायी बघा

'सोवेटो अर्ध्या दिवसात बसमधून उरकेल का?' असं एकाने विचारलंय. दक्षिण आफ्रिकेत जोहान्सबर्गमधली ही कृष्णवर्णीयांची मोठी वस्ती तेवढ्यात उरकेल, पण काचेआडून लोकांची घरं न्याहाळणं मला वाईटच वाटतं. तिथलाच गाइड घेऊन पायी किंवा सायकलवर फिरा. विलाकाझी स्ट्रीटवरचं मंडेलांचं घर, क्रमांक ८११५, अगदी चिमुकलं आहे. गर्दीत आत काही दिसत नाही, म्हणून सकाळी लवकर गाठा. १९७६च्या विद्यार्थी आंदोलनात पोलिसांच्या गोळीला बळी पडलेला शाळकरी मुलगा हेक्टर पीटरसन, त्याचं स्मारक तिथून चालत जाण्याजोगं. त्या वर्षीच्या गोळीबाराच्या खुणा रेजिना मुंडी चर्चमध्ये आजही आहेत, छताकडे नीट बघा. शिबीनमध्ये (वस्तीतला घरगुती दारूचा गुत्ता) उम्कोंबोथी, म्हणजे मका-ज्वारीची आंबट, दाटसर बिअर, एकाच भांड्यातून फिरते; भांडं दोन्ही हातांनी घ्या, घोटभर पुरे. फोटो विचारूनच काढा. मुलांना पैसे-खाऊ मात्र वाटू नका, त्यांना पर्यटकांमागे धावायची सवय लागते.