डे-केअर बंद करण्याआधी
डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) असलेल्या घरच्या ज्येष्ठांना डे-केअरला, म्हणजे दिवसा सांभाळणाऱ्या केंद्रात, पाठवलं आणि दोनच दिवसांत 'रुळत नाहीत' म्हणून बंद केलं, असं एका कुटुंबाने लिहिलंय. घाई झाली. डिमेन्शियात जागा समजावून सांगून ओळखीची होत नाही, सवयीनेच होते. पहिले दोन-तीन आठवडे सकाळचे तास-दीड तासच ठेवा, वार-वेळ तीच, सुरुवातीला घरचं कुणीतरी शेजारी. दिवस कलला की अस्वस्थता वाढते, म्हणून घ्यायला उशिरा जाऊ नका. केंद्राला नुसती फाइल देऊन भागत नाही. एका कागदावर लिहून द्या: कोणत्या नावाने हाक मारली की ओ देतात, चष्मा-श्रवणयंत्र कधी लागतं, कशाने बिथरतात, लघवीला लागल्यावर काय करतात (कपडे चाचपणं, उठून दाराकडे जाणं). ही शेवटची खूण कळली नाही की त्यालाच 'हट्टीपणा' म्हणतात!

आणि वागणं एक-दोन दिवसांत अचानक बिघडलं असेल, तर आधी डॉक्टर गाठा. मूत्रमार्गाचा संसर्ग, बद्धकोष्ठता, पाणी कमी पडणं, नवी सुरू केलेली गोळी, यातल्या कशानेही डेलिरियम (अचानक येणारा मानसिक गोंधळ) होऊ शकतो. डिमेन्शिया एरवी इतक्या झपाट्याने सहसा वाढत नाही.