मुंबईच्या इंटरव्ह्यूसाठी 'कन्झर्व्हेटिव्ह बिझनेस फॉर्मल' म्हणजे नेमकं काय घालायचं? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, धाकट्या भावाचा पुढच्या आठवड्यात बीकेसीला एका बँकेत फायनल राउंड आहे आणि मेलमध्ये ड्रेस कोड 'कन्झर्व्हेटिव्ह बिझनेस फॉर्मल' असा लिहिलाय. आम्ही जळगावचे, इथे फॉर्मल म्हणजे इन केलेला शर्ट आणि काळी पँट, झालं.

नेटवर वाचून एवढं कळलं की नेव्ही किंवा चारकोल ग्रे सूट, पांढरा नाहीतर फिका निळा प्लेन शर्ट, साधा टाय, काळे लेसवाले शूज आणि बेल्ट बुटाच्याच रंगाचा. फुले मार्केटला फिरून आलो, पण दुकानदार चमकणारे लग्नाचे सूटच पुढे करतात, साधा मागितला की नवरदेव कोण आहे विचारतात! एचआरला मेल केला, उत्तर नाही.

भावाकडे नेव्ही ब्लेझर आहे, फिटिंग चांगलं, पण बटणं सोनेरी आणि त्याच कापडाची पँट नाही. नवीन सूटला पाच हजाराच्या वर जमणार नाही, शिवून घ्यायला वेळ नाही, भाड्याचा चालेल. दाढी ट्रिम करेल, हातातलं कडं काढायला तयार आहे, त्यामुळे ते सोडून सांगा. आणि उन्हाळा वगैरे सांगू नका, ४४ डिग्रीत राहतो आम्ही, ब्लेझर तिथे पोचल्यावरच चढवेल.

तर बँकेत काम करणाऱ्यांनी सांगा, बटणं बदलून हाच ब्लेझर ग्रे पँटवर चालेल की एकाच कापडाचा सूटच लागतो?