शिकागोच्या उपनगरांत मिश्रवंशीय मुलांसाठी घर कोठे घ्यावे?

नवे_घर (प्रश्न)

नमस्कार. या उन्हाळ्यात आम्ही टेक्सासमधून शिकागो परिसरात स्थलांतर करणार आहोत. मी मराठी आहे आणि माझे पती आफ्रिकन-अमेरिकन आहेत. मोठा मुलगा तिसरीत जाईल, धाकटी मुलगी किंडरगार्टनमध्ये. पतींचे कार्यालय लूपमध्ये, म्हणजे शिकागोच्या मध्यवर्ती व्यापारी भागात, असल्याने रेल्वेची सोय असलेले उपनगर हवे आहे. ओळखीची मराठी कुटुंबे एकमुखाने नेपरव्हिल सुचवतात, पतींचे सहकारी ओक पार्क किंवा एव्हनस्टन पाहायला सांगतात.

माझी अपेक्षा तीन गोष्टींची आहे. वर्गात आपल्यासारखे आपणच एकटे आहोत, असे मुलांना वाटू नये. मुलगा उंच होईल, मिसरूड फुटेल, तेव्हाही त्याला आपल्याच रस्त्यावर सायकल चालवताना कोणी हटकू नये. आणि दोघांच्या कानांवर घराबाहेरही मराठी पडावी. आम्ही एजंटला सरळ विचारले की आमच्यासारख्या कुटुंबाला कोणती वस्ती आपलेसे करील, तर त्यांनी उत्तर देण्यास नम्रपणे नकार दिला आणि शाळांच्या गुणांकनाचे एक संकेतस्थळ पाठवले. त्या आकड्यांवरून मला हवे ते काहीच कळत नाही. ज्यांनी या भागात मुले वाढवली आहेत त्यांनी कृपया मोकळेपणाने लिहावे.

ऑस्टिन_बुलेव्हार्ड

आम्ही ओक पार्कमध्ये राहतो. माझे पती श्वेतवर्णीय आहेत, त्यामुळे आमच्या मुलांचा अनुभव तुमच्या मुलांपेक्षा सौम्य असणार, हे आधीच सांगते.

एजंटचा नकार कायद्यामुळे आहे. १९६८ च्या फेअर हाउसिंग कायद्यानुसार वंश पाहून ग्राहकाला एखाद्या वस्तीकडे वळवणे किंवा तिच्यापासून दूर ठेवणे बेकायदेशीर ठरते, म्हणून जबाबदार एजंट अशा प्रश्नाला उत्तर देत नाही. पण न बोलताही वळवता येते. २०१९ मध्ये न्यूजडे या वृत्तपत्राने लाँग आयलंडवर घेतलेल्या छुप्या चाचण्यांत कृष्णवर्णीय ग्राहक म्हणून गेलेल्यांना ४९ टक्के वेळा असमान वागणूक मिळाल्याचे आढळले होते. तेव्हा कोणती घरे दाखवायची याची यादी तुम्हीच करा आणि एजंटला द्या.

ओक पार्कबद्दल सांगायचे तर, इथली विविधता आपोआप आलेली नाही, आणि हीच गोष्ट मला महत्त्वाची वाटते. रसायनशास्त्रज्ञ पर्सी ज्युलियन यांनी १९५० मध्ये इथे घर घेतले तेव्हा ते पेटवून देण्याचा प्रयत्न झाला आणि पुढच्या वर्षी डायनामाइटचा स्फोट घडवण्यात आला, तरीही ते कुटुंब गाव सोडून गेले नाही. शेजारच्या सिसरोमध्ये १९५१ साली एका कृष्णवर्णीय कुटुंबाने फ्लॅट भाड्याने घेतला म्हणून हजारोंच्या जमावाने इमारतीवर हल्ला केला आणि नॅशनल गार्ड हे राज्याचे लष्करी दल बोलवावे लागले. नंतर पूर्वेला लागून असलेल्या शिकागोच्या ऑस्टिन भागातून श्वेतवर्णीय लोक झपाट्याने निघून जाऊ लागले, तेव्हा आपल्या गावात तसे होऊ द्यायचे नाही असे ओक पार्कमधील लोकांनी ठरवले. १९६८ मध्ये गावाने स्वतःचा समान गृहनिवासाचा नियम केला आणि १९७२ मध्ये ओक पार्क रीजनल हाउसिंग सेंटर सुरू झाले. भाडेकरू एकाच रंगाच्या पट्ट्यात साचू नयेत, यासाठी त्यांना गावाच्या सगळ्या भागांतील घरे पाहायला प्रवृत्त करणे हे त्या केंद्राचे काम. आज गावात साधारण पाचांत एक रहिवासी कृष्णवर्णीय आहे आणि एका मधल्या शाळेला (मिडल स्कूलला) ज्युलियन यांचे, तर दुसरीला कवयित्री ग्वेंडोलिन ब्रूक्स यांचे नाव आहे. आपल्या शाळेच्या पाटीवर असे नाव रोज वाचणे मुलांसाठी लहान गोष्ट नाही.

मात्र गाव एकत्र राहते म्हणून वर्गही एकत्र बसतात असे समजू नका. गावाला एकच हायस्कूल आहे, आणि तिथे प्रगत अभ्यासक्रमाचे वर्ग अधिक गोरे व साधारण वर्ग अधिक काळे, ही तक्रार कित्येक वर्षांची आहे. अलीकडे नववीच्या बऱ्याच विषयांत सगळ्यांना एकत्र शिकवायला सुरुवात झाली आहे. तुमच्या मुलाला गणितात किंवा वाचनात गती असेल तर शिक्षक त्याचे नाव पुढे करतात की नाही, हे तुम्हाला इथेही डोळ्यांत तेल घालून पाहावे लागेल.

रेल्वेची काळजी नको, ग्रीन आणि ब्लू या दोन्ही लाइन लूपपर्यंत जातात. मालमत्ता कर मात्र जबर आहे, त्याचा हिशेब घर पाहण्याआधी करा. मराठी कुटुंबे थोडी आहेत. आशियाई लोकसंख्याच ५ टक्क्यांच्या आसपास असल्याने मराठी कानावर पडण्याची तुमची अपेक्षा गावात पुरी होणार नाही, त्यासाठी शनिवार-रविवारी गाडी काढावी लागेल.

नदीकाठ_२०४

नेपरव्हिलची बाजूही मांडली पाहिजे, कारण ज्यांनी तुम्हाला ते सुचवले त्यांनी आपुलकीनेच सुचवले असणार. २०२० च्या जनगणनेनुसार इथे आशियाई लोकसंख्या २० टक्क्यांहून अधिक आहे. किराण्यापासून नृत्याच्या वर्गापर्यंत सगळे हाताशी मिळते, मंडळाच्या गणेशोत्सवाला नेणारे-आणणारे शेजारी मिळतात, आणि शिकागोला जाणाऱ्या मेट्रा या उपनगरी रेल्वेच्या जलद गाड्या आहेत. पण कृष्णवर्णीय लोकसंख्या ५ टक्क्यांच्या आसपासच आहे. म्हणजे तुमच्या मुलांच्या एका अर्ध्या वारशाला इथे भरपूर सोबत मिळेल आणि दुसऱ्या अर्ध्याला जवळपास मिळणार नाही. बाहेरचे जग मात्र त्यांना बहुधा त्या दुसऱ्या अर्ध्यावरूनच ओळखेल.

आणखी एक गोष्ट जड मनाने लिहितो. आपल्या मंडळींत वावरताना मुलांना परकेपणा जाणवणार नाही, असे गृहीत धरू नका. मुलीच्या केसांविषयी तिच्यासमोरच केलेली टिप्पणी, ‘रंग कोणावर गेला’ ही चर्चा, जावई अमेरिकन आहे एवढेच सांगून पुढचे गाळणे, हे मी सुशिक्षित घरांत ऐकले आहे. मराठीपण जपण्यासाठी मराठी वस्तीत घर घ्यावे असे तुम्हाला वाटत असेल, तर आधी त्याच वस्तीतल्या दोन-चार कार्यक्रमांना पती आणि मुलांसह चौघे मिळून जाऊन या. तिथे तुमच्या पतींशी लोक किती वेळ आणि कशाबद्दल बोलतात, ते पाहा.

शिवाय नेपरव्हिल म्हणजे एकच शाळा-व्यवस्था नव्हे. गावाचा काही भाग डिस्ट्रिक्ट २०३ मध्ये येतो आणि काही भाग इंडियन प्रेअरी २०४ मध्ये. २०४ मध्ये शेजारच्या ऑरोराचा मोठा भाग आणि बोलिंगब्रुकचा थोडा भागही असल्याने त्यातल्या काही शाळा बऱ्याच मिश्र आहेत. घराचा पत्ता दोन रस्ते इकडेतिकडे झाला तरी शाळा बदलते, म्हणून गावाच्या नावावर जाऊ नका. खुद्द बोलिंगब्रुकही पाहाच. तिथे कोणताही एक गट बहुसंख्य नाही, कृष्णवर्णीय, लॅटिनो, श्वेतवर्णीय आणि आशियाई कुटुंबे सगळीच लक्षणीय संख्येने आहेत, आणि लेमाँटचे मंदिरही तिथून जवळ पडते. तिथे मेट्राचे स्थानक नाही, एक्सप्रेस बसने किंवा गाडीने जावे लागते. तुमच्या पतींना ते चालेल का, हे तुम्हीच ठरवायचे.

दक्षिणवारा

मी मराठी, पत्नी आफ्रिकन-अमेरिकन, आणि आम्ही शिकागोच्या दक्षिणेकडच्या फ्लॉसमूर या उपनगरात मुले वाढवली. वरच्या दोन्ही प्रतिसादांत मला एक गृहीतक दिसते, ते असे की कृष्णवर्णीय लोकसंख्या पाचांत एक असली म्हणजे पुरे झाले. आम्ही उलट विचार केला. होमवुड-फ्लॉसमूर हायस्कूलमध्ये कृष्णवर्णीय विद्यार्थी बहुसंख्य आहेत. इथे डॉक्टर, वकील, शिक्षक, अभियंते असलेले कृष्णवर्णीय आईबाप शेजारीच राहतात, त्यामुळे माझ्या मुलांना आपल्या आईच्या बाजूचे लोक म्हणजे अपवाद असे कधी वाटले नाही. प्रगत गणिताच्या वर्गात कृष्णवर्णीय मूल असणे ही तिथे बातमी नसते. मेट्रा इलेक्ट्रिकने लूपमधल्या मिलेनियम स्टेशनला थेट जाता येते, घरांच्या किमती उत्तरेकडच्या उपनगरांपेक्षा बऱ्याच कमी आहेत, पण कराचा दर चढा आहे. दक्षिणेकडच्या उपनगरांचे नाव आपल्या लोकांच्या यादीत सहसा येत नाही. का येत नाही, याचा विचार प्रत्येकाने आपल्याशी करावा.

तुमची सायकलची काळजी मला सर्वांत खरी वाटते. तिच्यासाठी एक ठोस साधन आहे. इलिनॉयमध्ये २००३ च्या कायद्यानुसार प्रत्येक पोलिस विभागाला रस्त्यावर थांबवलेल्या वाहनचालकांची वंशवार नोंद ठेवून ती राज्याला द्यावी लागते. तो कायदा बराक ओबामा यांनी राज्याच्या सिनेटमध्ये असताना पुढे नेला होता. २००४ पासूनचे वार्षिक अहवाल उपलब्ध आहेत. तुमच्या यादीतल्या प्रत्येक गावाचे पान काढा, कोणत्या वंशाच्या चालकांना किती वेळा थांबवले आणि त्यांपैकी कितींच्या गाडीची झडती घेतली हे वाचा. गावातून महामार्ग जात असेल तर बाहेरचे चालकही त्यात मोजले जातात, तेव्हा एका आकड्यावरून निवाडा करू नका, पण सलग काही वर्षांचा कल नक्की दिसतो. मुलगा आज लहान आहे, परंतु घर तुम्ही तो गाडी चालवू लागेपर्यंतच्या काळासाठी घेत आहात.

आणि ताई, या बाबतीत पतींचे मत तुमच्या मतापेक्षा अधिक वजनाचे माना. एखाद्या रस्त्यावरून चालताना त्यांना जे लगेच जाणवेल ते आपल्याला वर्षभर राहूनही कळणार नाही. कारण मागू नका. त्यांना नको वाटले तर ते घर सोडून द्या.

नवे_घर

तिघांचेही मनापासून आभार. दक्षिणेकडची उपनगरे खरोखरच आमच्या यादीत नव्हती. ती आता घेतली आहेत. पतींनी तुमचा शेवटचा परिच्छेद माझ्याकडून दोनदा भाषांतरित करून घेतला.

एव्हनस्टनबद्दल कोणी लिहिले नाही. शिवाय शाळेच्या आकडेवारीत नेमके काय पाहायचे, हे कोणी सांगू शकेल का?

निवृत्त_शिक्षिका

मी या परिसरातल्या शाळांत शिकवले आहे. आधी एव्हनस्टन. २०२१ मध्ये गृहनिवासातल्या जुन्या भेदभावाची भरपाई म्हणून पात्र कृष्णवर्णीय रहिवाशांना घरासाठी २५,००० डॉलरचे साहाय्य देण्याचे ठरवणारे हे देशातले पहिले शहर आहे. स्वतःच्या इतिहासाबद्दल उघडपणे बोलणारे गाव मला न बोलणाऱ्या गावापेक्षा बरे वाटते. पण त्याच शहरातल्या पाचव्या वॉर्डात, जिथे कृष्णवर्णीय कुटुंबे दाटीने राहत आली, तिथली परिसरशाळा बंद करून मुलांना कित्येक दशके बसने दूरच्या शाळांत पाठवले गेले. शाळा मिश्र करण्याचा भार कोणाच्या मुलांनी वाहिला, हा प्रश्न तिथल्या सभांत आजही तितक्याच पोटतिडकीने विचारला जातो. त्यातली एखादी सभा ऐका. गावाचा स्वभाव माहितीपत्रकातून कळत नाही, तो तिथे कळतो.

आता आकडेवारी. गुणांकनाचे संकेतस्थळ बाजूला ठेवा, कारण त्यातला गुण बऱ्याच अंशी पालकांच्या उत्पन्नाचा असतो. इलिनॉय रिपोर्ट कार्डवर प्रत्येक शाळेतल्या विद्यार्थ्यांची वंशवार संख्या आणि शिक्षकांचीही माहिती मिळते. शिक्षकांचा रकाना आवर्जून पाहा. त्यानंतर केंद्रीय शिक्षण विभागाच्या नागरी हक्क कार्यालयाने गोळा केलेली माहिती उघडा. एखाद्या शाळेत कोणत्या वंशाची किती मुले निलंबित झाली आणि प्रगत वर्गांत किती बसली, हे त्यात वेगवेगळे दिलेले असते. कृष्णवर्णीय मुले शाळेत चौथा हिस्सा असतील आणि निलंबितांत निम्मी, तर त्या शाळेचे एकूण निकाल कितीही चांगले असोत, मुख्याध्यापकांना याचे कारण विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका. उत्तरापेक्षा त्यांचा चेहरा आणि तयारी पाहा. ज्यांनी या प्रश्नावर आधीच काम केले आहे ते दचकत नाहीत.

एक बारकावा लक्षात ठेवा. प्रवेशअर्जात तुम्ही मुलांसाठी आशियाई आणि कृष्णवर्णीय अशा दोन्ही खुणा केल्या की शाळेच्या अहवालात ती ‘दोन किंवा अधिक वंश’ या रकान्यात मोजली जातात, इतर दोन रकान्यांत दिसत नाहीत. त्यामुळे तो रकानाही वाचा, पण त्यात कोणकोणती मिश्रणे आहेत हे त्यावरून समजत नाही, ते शाळेच्या मैदानावर मधल्या सुट्टीतच दिसेल.

कायदाही माहीत असू द्या. कृष्णवर्णीयांचा इतिहास शिकवणे इलिनॉयमधल्या सरकारी शाळांना पूर्वीपासून बंधनकारक आहे, आणि आशियाई-अमेरिकनांचा इतिहास बंधनकारक करणारे हे पहिले राज्य आहे. तो कायदा २०२१ मध्ये झाला आणि २०२२-२३ पासून लागू झाला. शाळेला विचारा की हे कोणत्या इयत्तेत आणि किती दिवस शिकवता. वेण्या, लॉक्स (जटांसारखी रचना) अशा केशरचनांवरून मुलांना अडवण्यालाही २०२२ पासून कायद्याने बंदी आहे, तेव्हा मुलीच्या केसांवरून शाळेत कोणी काही म्हटले तर ते लेखी कळवा.

माझे मत विचाराल तर पहिले वर्ष भाड्याने राहा. फक्त भाडेकरार करण्यापूर्वी तो पत्ता नेमक्या कोणत्या शाळेच्या हद्दीत येतो हे डिस्ट्रिक्टच्या कार्यालयातून तपासून घ्या, कारण घरमालक आणि जाहिराती दोन्ही याबाबत चुकतात. किंडरगार्टनच्या नोंदणीला राहत्या जागेचा पुरावा लागतो, आणि लहान भावंडाला मोठ्याच्याच शाळेत जागा मिळेल ना, हे त्याच फेरीत विचारून घ्या.