नेमाआधी पायांचा सराव हवा

बंदूक वापरायला 'नेम पक्का असला की झालं' असं काही जण म्हणतात, ते मला अजिबात पटत नाही. आमच्या गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात शेतरक्षणाच्या परवान्याची बंदूक असलेले शेतकरी आहेत, पण ती घेऊन चालायचं कसं हे कोण शिकवतं? पावसात कुळागरातल्या (सुपारी-नारळाच्या बागेतल्या) शेवाळलेल्या चिऱ्यावर पाय घसरला की मूठ आपसूक आवळते. बोट चापावर असेल तर बार उडालाच. म्हणून हलताना बोट चापाच्या कड्याबाहेर, नळी माणसांपासून दूर. अमेरिकी पोलीस अधिकारी डेनिस ट्युलर यांनी १९८३ मध्येच लिहिलंय, २१ फुटांवरचा सुरीवाला साधारण दीड सेकंदात अंगावर येतो. तेवढ्यात कसला नेम धरणार? आधी बाजूला सरका, आडोसा गाठा. घरी सराव करताना बंदूक रिकामी आहे हे दोनदा बघा, काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवा.